बेलपाड्याची जीप, कुंझुमची हवा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत आशा लावून कोणी वाचायला नको. पनवेलहून निघाले ते दोन म्हातारे आणि एक जीप. परत आले ते नुसते दोन म्हातारे. जीप हिमाचलात एका चढावर मेली, आणि ती मी मारली. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासवर्णन द्या म्हणून मंडळी मागे लागली आहेत. त्यांना बर्फ, देवळं आणि फोटो हवे आहेत. ते सगळं आहे, पण ही एक गोष्ट वगळून लिहायला बसलो तर पेन पुढे सरकत नाही.

पळस्पे

मी गाड्यांचा मिस्त्री. पळस्प्याला, जिथून गोव्याचा रस्ता फुटतो, तिथे चाळीस वर्षं माझं गॅरेज आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या हे माझं काम. हल्लीच्या पोरांनी कार्बोरेटर पाहिलेलाही नसतो, म्हणून सांगतो. इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल किती मिसळायचं, हे ठरवणारं ते एक वीतभर उंचीचं भांडं. नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर बघतो. जुन्या गाडीत एकदा ठरवलं की पेट्रोल तेवढंच येत राहतं, मग तुम्ही खाडीकाठी असा नाहीतर हिमालयात. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र तितकंच, त्यामुळे गाडी काळा धूर ओकते आणि गुदमरते. म्हणून वर जाताना पेट्रोल कमी करायचं, ठिणगी जरा लवकर पाडायची, आणि खाली उतरताना आठवणीने सगळं मागे घ्यायचं. पूर्वी हौशी लोक महाबळेश्वरला निघाले की माझ्याकडे थांबून म्हणायचे, "मिस्त्री, घाटाचं सेटिंग करून द्या."

हे सेटिंग मी कानाने करायचो. ठिणगी लवकर पाडायची तर डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो, तो थोडाथोडा फिरवत जायचा. जास्त फिरला की चढावर इंजिनातून बारीक टिकटिक यायला लागते, पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखी. तिला आम्ही नॉकिंग म्हणतो. ती आली की डबा केसभर मागे घ्यायचा, की झालं काम. मागे न घेता तसंच चालवलं तर पिस्टन जळतो. मी इंजिनाला कान लावला की गॅरेजात कोणी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मोठमोठे शेठ लोकसुद्धा गप्प उभे राहायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरने सांगितलं की उंच पट्टीचे बारीक आवाज गेले, आता ते येणार नाहीत. गॅरेजातल्या गोंगाटाने आणि हायवेने खाल्ले. माणसं बोललेली नीट कळतात, ट्रकचा हॉर्न कळतो. डास कानाशी आलेला मात्र कळत नाही, चावल्यावर कळतो. डॉक्टर म्हणाला, यंत्र घ्या. मी घेतलं नाही. कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण घेऊन येईल? बायकोला अर्धवट सांगितलं, बाकी कोणालाच नाही. आणि गंमत म्हणजे काम चालत राहिलं. पळस्प्याची हवा काही बदलत नाही, गाड्याही त्याच त्याच. डबा कुठे थांबवायचा हे हाताला पाठ होतं. मी डोळे मिटून ऐकल्याचं सोंग करायचो आणि हात आपोआप थांबायचा.

बेलपाडा

आता काशिनाथ. बेलपाड्याचा, माझ्याच वयाचा, माझ्याकडे पस्तीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईक म्हणून आला आणि मित्र होऊन बसला. त्याची भाताची जमीन खारघरच्या इमारतींखाली गेली. त्या वेळी त्याने जुनी पेट्रोल जीप विकत घेतली. गावातल्या निम्म्या नवरदेवांची वरात त्या जीपमधून निघालेली आहे. जीपला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला त्याला खपायचं नाही. तिचा टेम्परेचरचा काटा कित्येक वर्षं बंद होता. बदलू या म्हटलं तर म्हणायचा, "तू हायस ना, मंग काटा कशाला?"

त्याचे मुलगे बांधकामाच्या धंद्यात. जीपच्या शेडच्या जागी इमारत येणार होती. मुलं म्हणाली, बाबा, हे भंगार काढा आता. काशिनाथने भर जेवणात पैज मारली, की ही जीप हिमालयात नेऊन परत आणून दाखवतो, आणि स्वतःच्या चाकांवर परत आली तर नव्या इमारतीत तळमजल्यावर तिला कायमची जागा द्यायची. मुलं हसली आणि हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजात हजर.

"मिस्त्री, चल. तू बरोबर हायस तर मना कसली भीती नाय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. स्टुलावर बसवून, चहा मागवून, नीट. मी म्हणालो, "किती दिवसांची पिशवी भरू?"

मनाली

पाच दिवसांच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ऊन, ट्रक, पेट्रोलपंप, पुन्हा ऊन. राजस्थानात एका ढाब्यावर काशिनाथने आपली सुकटीची पिशवी उघडली आणि शेजारचं अख्खं कुटुंब ताटं घेऊन दुसऱ्या टेबलावर गेलं. मनालीच्या गेस्ट हाउसमध्ये तर मालकीणबाई दारात येऊन विचारून गेल्या, की खोलीत काही मेलंय का. काशिनाथने त्यांना प्रेमाने एक सुका बोंबील देऊ केला. त्यांनी खिडकी उघडून दिली आणि पाय न वाजवता निघून गेल्या.

मनालीला चढताना त्याचे कान बंद झाले. उंचीने होतं तसं. तो जांभया देत होता, नाक दाबून फुंकत होता.

"काय आयकूच येत नाय रं मना. तुला?"

"मलाही नाही," मी म्हणालो.

किती सोपं गेलं ते वाक्य. दोन वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो होतो, आणि तेही खोट्यासारखं. पुढे दहा मिनिटांत त्याचे कान टक्कन उघडले आणि तो खूष झाला. माझेही उघडले, असं मी सांगितलं.

कुंझुम

मनालीपुढचा मोठा बोगदा संपला की उजवीकडे स्पितीचा रस्ता लागतो. रस्ता कसला, नदीतून उचलून ठेवलेले गोटे. तिथे जीपने मान टाकली. मागे काळा धूर, पहिल्या गिअरमध्येही दम नाही. मी बॉनेट उघडलं. घरून जेटचा डबा नेला होता. जेट म्हणजे पेट्रोल जिथून येतं ती भोकाची पितळी चकती. बारीक भोकाची बसवली. बोटं थंडीने बधिर झाली होती, एक चकती गोट्यांत पडली आणि ती शोधायला काशिनाथ अर्धा तास ओणवा फिरत होता. सापडली तेव्हा लहान मुलासारखा ओरडला.

मग ठिणगीचं सेटिंग. काशिनाथने जीप चढावर घेतली, मी बाजूला बसून कान दिला. डबा केसभर फिरवला, पुन्हा चढ, पुन्हा कान. काही नाही. आणखी केसभर. काहीच नाही. वारा होता, नदी होती, आणि माझ्या कानात त्या दोघांखेरीज काही नव्हतं. हाताला इथली हवा पाठ नव्हती. शेवटी जीप जोमाने ओढायला लागली तेव्हा मी अंदाजाने थांबलो. "झालं," मी म्हणालो. काशिनाथने स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. इतक्या उंचीवर ठिणगी जरा पुढे असली तरी इंजिन सोसतं. माझा अंदाज बरोबर आला असं नाही, पण मला तसं वाटलं, आणि घात तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कुंझुमच्या खिंडीवर होतो. चारी बाजूंना बर्फाचे डोंगर आणि वर असलं निळं आभाळ की बघवत नाही. खिंडीत देवीचं छोटं देऊळ आहे. येणारी प्रत्येक गाडी देवळाला एक फेरी घालते आणि मगच पुढे जाते. लष्कराचे ट्रकसुद्धा. आपल्याकडे बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी चालत्या गाडीतून नाणं टाकतात, थांबायला कोणाला वेळ नसतो. इथे गाडीच प्रदक्षिणा घालते हे काशिनाथला फार आवडलं. त्याने एकाऐवजी तीन घातल्या. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला तेव्हा हात बाहेर काढून ओरडला, "बेलपाड्यासनं आनलीय, बेलपाड्यासनं!" ट्रकवाल्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानेही हात हलवला.

मी त्याच्या शेजारी बसलो होतो आणि मला रडू येत होतं. त्याला वाटलं, देवीमुळे.

खाली लोसर गावात डोल्मा नावाच्या बाईंच्या घरी मुक्काम केला. त्यांनी थुक्पा दिला, म्हणजे शेवया आणि भाजीची पातळ आमटी. आपल्या पेजेसारखं ते पोटाला धीर देतं. लोणी-मिठाचा चहा मात्र काशिनाथने औषधासारखा घेतला. त्या गावात दिवस कलला की लोक गाडीच्या बॉनेटवर गोधडी टाकतात, इंजिन गारठू नये म्हणून. डोल्माबाईंनी आमच्या जीपवर स्वतःची जुनी रजई आणून घातली आणि म्हणाल्या, "बूढ़ी है, इसको ज़्यादा ठंड लगेगी." काशिनाथ बराच वेळ त्या रजईकडे बघत राहिला. आपल्याकडे एवढं कोणी करत नाही म्हणाला, ना गाडीचं ना म्हाताऱ्याचं.

परतीची मनाली

उतरल्यावर सगळं मागे घ्यायचं होतं. मोठ्या भोकाचा जेट मी बसवला, त्यात चूक झाली नाही, ते डोळ्यांचं काम. ठिणगीचं राहिलं. डब्याचा बोल्ट अडकला म्हणून मोठा पाना मागायला रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गेलो. मालक साठीचा पहाडी माणूस, गप्प आणि सज्जन. त्याने पाना दिला आणि वर टायमिंग लाइट पुढे केला. हा एक दिवा असतो. चालू इंजिनावर धरला की ठिणगी नेमकी कधी पडते ते खुणेवर दिसतं. कानाची गरज नाही. बहिऱ्यानेही सेटिंग करावं.

"ले लो बाऊजी. दो मिनट का काम है."

माझा हात पुढे झाला होता. अगदी खरं सांगतो, झाला होता. तेवढ्यात काशिनाथ छाती काढून पुढे आला.

"अमारा मिस्त्री कान से करता हय. पनवेल में पूछो किसी को बी. लाइट-बिट नाय लगता उसको."

गॅरेजवाला माझ्याकडे बघून आदराने हसला आणि त्याने दिवा पुन्हा खोक्यात ठेवला. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गावाबाहेरच्या चढावर आम्ही पाच खेपा केल्या. काशिनाथ गाडी चढवायचा, मी डोळे मिटून ऐकायचो, उतरून डबा फिरवायचो. काशिनाथ श्वाससुद्धा हळू घेत होता. मी इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की कपाळाच्या शिरा दुखायला लागल्या. कुठूनही टिकटिक आली नाही. मागे किती घ्यायचं, हे ती टिकटिक सांगते. ती आलीच नाही, तर मी कशाच्या मागे घेणार? डबा पुढेच राहिला, आणि पाचव्या खेपेला जीप तरुण झाल्यासारखी सुटली.

"झालं," मी म्हणालो.

बिलासपूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी दुपार. सकाळीच मंडी गाव मागे टाकून आम्ही बरेच खाली आलो होतो, हवा दाट आणि गरम झाली होती. बिलासपूर सोडल्यावर एक लांबलचक चढ लागतो. काशिनाथ चालवत होता. मी डोळे मिटून बसलो होतो. झोपलो नव्हतो. त्या चढावर मी खरोखर ऐकत होतो, जीव कानात आणून.

आवाज आला तो मलाही ऐकू आला. धप्प. मग इंजिनाची ताकद गेली आणि बॉनेटच्या फटींतून निळसर धूर यायला लागला.

मी उतरलो आणि प्लग काढले. तिसऱ्या प्लगच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. पिस्टन वितळून त्याला भोक पडल्याची ती खूण. मी तो प्लग हातात धरून उभा राहिलो. चटका बसत होता तरी सोडला नाही.

काशिनाथ शेजारी आला.  हळूच म्हणाला, "मंडीपासनं टिकटिक येत व्हती."

"काय?"

"टिकटिक. चढ आला का यायची. बारीक, पत्र्यावर कायतरी सांडल्यावानी."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच विचारलंय. "तू डोलं मिटून बसला व्हतास. मना वाटला, आयकतोय. तू आयकत असलास तर मी कसा मधी बोलू?"

मंडीपासून. म्हणजे कित्येक तास. तो ऐकत होता आणि माझ्या मानासाठी गप्प होता. मी काहीच ऐकत नव्हतो आणि माझ्या मानासाठीच गप्प होतो.

रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, दोन वर्षं, पाठ झालेले हात, मनालीतला दिवा. ट्रक जात होते, त्यामुळे काही वाक्यं दोनदा सांगावी लागली.  संपल्यावर त्याने जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माजं कान बरं हायत, मिस्त्री. मी बाजूलाच बसलो व्हतो. तू बोलायचा व्हतास, काशा, जरा आयक. मी आयकला असता ना तुज्यासाठी."

 

त्या भागात असला पिस्टन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मुलांना फोन केला. ती वाईट बोलली नाहीत, फार समजुतीने बोलली, तेच जास्त लागलं. बाबा, जीप तिथेच सोडा आणि रेल्वेने या. पैजेचा विषय त्यांनी काढला नाही आणि काशिनाथनेही काढला नाही. भंगारवाला क्रेन घेऊन आला, तेव्हा काशिनाथ मागे जाऊन जीपचं फडकं घेऊन आला आणि तिची काच पुसायला लागला. पुढची पुसली, बाजूच्या पुसल्या, आरसा पुसला. भंगारवाला थांबून राहिला. मी जवळ गेलो तर काशिनाथ म्हणाला, "तू नको हात लावू."

पस्तीस वर्षांत असं तो पहिल्यांदा म्हणाला.

पनवेल

परतीच्या रेल्वेत आम्ही समोरासमोर बसून आलो. जेवलास का, पाणी हवं का, एवढंच बोलणं.

आल्यावर मला वाटलं होतं की चार दिवसांत सगळीकडे बोभाटा होईल. झाला नाही. काशिनाथने गावात सांगितलं, की गाडी म्हातारी झाली होती, तिचं आयुष्य संपलं. मिस्त्री होता म्हणून कुंझुमपर्यंत तरी गेली. माझी अब्रू त्याने राखली. लोक माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त आदराने बघतात. मी गॅरेजला कुलूप लावलंय, गुडघ्याचं कारण सांगून. ते एक आणखी खोटं.

गेल्या आठवड्यात न राहवून बेलपाड्याला गेलो. शेड पाडून झालीय, पाया खणलाय. काशिनाथ कडेला खुर्ची टाकून खोदकाम बघत होता. मी म्हणालो, काशा, लोकांना खरं सांगून टाक, नाहीतर मी सांगतो.

"सांगून काय व्हनार? ती येनार हाय काय परत?"

"तू गॅरेजवर येत नाहीस. रागावला आहेस."

खोदकामाकडे बघतच तो म्हणाला, "गाडीचा राग नाय, मिस्त्री. गाडी आज ना उद्या जायाचीच व्हती. माज्या घरातला बरावाईट सगला तुला ठाव हाय. माजी बायको गेली त्या दिवशी मी पहिला तुज्याकडं आलो. आनि तू दोन वर्सं मना कानाचं नाय बोललास." तो उठला, खुर्ची घडी करून काखेत घेतली. "म्हंजी मी तुजा गिऱ्हाईकच व्हतो."

नाही रे, असं मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. तो तोवर घरात शिरला होता. काशिनाथच्या दारातून मी जेवल्याशिवाय कधी परत आलो नव्हतो. त्या दिवशी दुपारचा एक वाजला होता, आतून माशाच्या कालवणाचा वास येत होता, आणि मला बस म्हणायला कोणी बाहेर आलं नाही.